बफ : मवाळ आणि जहाल

रोटरी बफर हे उभ्या गाडीला फिरत्या गादीने घासण्याचे यंत्र आहे. यंत्राच्या तोंडाशी एक चकती असते, चकतीला वेल्क्रोने गादी चिकटते, गादीवर कंपाउंड नावाचे घासपूड मिसळलेले मलम लावतात आणि खटका दाबतात. कंपन्या या गादीला पॅड म्हणतात. द्राक्ष-कांद्याच्या निफाड तालुक्यातल्या गॅरेजांत तिला बफ म्हणतात, यंत्रालाही बफ म्हणतात आणि कामालाही बफच म्हणतात. ‘बफला बफ लाव आणि बफ मारून घे’ हे वाक्य तिथल्या सर्वांत नव्या पोऱ्यालाही उलगडून सांगावे लागत नाही. इंग्रजीतला हा शब्द मुळात म्हशीच्या कातड्यावरून आला. धातू उजळण्याच्या चाकावर पूर्वी कमावलेल्या कातड्याची पट्टी चढवत, ते कातडे ‘बफ’, म्हणून ते चाकही बफ. गोठ्यात म्हैस आणि ओट्यासमोर मोटार अशा घरात या शब्दाचा उगम आणि अर्थ दोन्ही दावणीला बांधलेले असतात.

यंत्र एकदाच घेतले जाते. कंपाउंड दुकानदार देईल ते. पॅड मात्र प्रत्येक गाडीला आणि प्रत्येक डागाला निवडावा लागतो, आणि चुकायला वाव इथेच आहे.

रोटरी एकाच आसावर, न डगमगता फिरते. मिनिटाला साधारण सहाशेपासून तीन हजारांपर्यंत फेरे घेते आणि नेहमीचे काम हजार ते अठराशेच्या दरम्यान होते. तिचे एक सौम्य भावंड आहे, ड्युअल ॲक्शन. ते फिरता फिरता हेलकावे खाते आणि जास्त दाबले की फिरायचे थांबते. रोटरीला असा संकोच नाही. दाबा, आडवी धरा, विसरून गप्पा मारा, ती फिरतच राहते. सात इंची पॅड दीड हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी पन्नास किलोमीटरने धावते. गाडी गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून उभी असते आणि तिच्या बॉनेटवर पन्नासची रहदारी चालू असते. लग्नसराईत निफाडच्या मुख्य रस्त्यावर हा वेग कुठल्याही गाडीला साधलेला नाही. पॅडचा मध्यबिंदू मात्र जागच्या जागी फिरतो. तो घासत काहीच नाही, पण सर्वांत आधी तापतो तोच, कारण उष्णतेला तिथून बाहेर पडायला वाट नसते. सहकारी संस्थांचा दांडगा अनुभव असलेल्या तालुक्यात हे तत्त्व समजावून द्यायला आकृती काढावी लागत नाही. चांगल्या पॅडला त्यासाठी मधोमध भोक ठेवलेले असते. संस्थांना ही सोय अजून झालेली नाही.

इथे एका गैरसमजाची दखल घ्यावी लागते. द्राक्षबागेचा मंडप उभा करायला लोखंडी अँगल कापावे लागतात, त्यामुळे निफाडच्या निम्म्या वस्त्यांवर चार इंची ग्राइंडर असतोच. ग्राइंडर फिरतो, बफरही फिरतो, मग वेगळे यंत्र कशाला, असा सरळ हिशेब मांडून कोणीतरी दिवाळीच्या आधी त्यावर लोकरीची गादी बसवतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे गादीची कड ताशी दोनशेहून अधिक किलोमीटरने गाडीवरून जाते. रंग आधी चमकतो, मग वास येतो आणि मग खालचा प्रायमर दिसतो. या तीन अवस्थांमध्ये ‘अरे थांब’ म्हणण्याइतकाही वेळ मिळत नाही.

कोणता पॅड, हे ठरवण्याआधी घासायचे काय आहे ते पाहावे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉनचा लेप असतो. सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, त्यातला चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सारी चकाकी केसापेक्षा पातळ पापुद्र्यात साठवलेली असते. ओरखडे असतात तेही त्यातच. बफिंगने ओरखडा भरून येतो असे मालकाला वाटते आणि गॅरेजवाला त्याचा हा समज मोडत नाही. प्रत्यक्षात ओरखड्याच्या भोवतालचा थर खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. शेतातला खड्डा बुजवायचा सोडून सगळे शेत खड्ड्याइतके खोल करावे, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की शेतात गाळ आणून टाकता येतो, क्लिअर कोट ट्रॉलीने मिळत नाही. उन्हापासून रंग वाचवणारे द्रव्यही याच थरात असते. दोन-तीन मायक्रॉन गेले तर चालते. दरवर्षी जात राहिले तर काही दिवाळ्यांनंतर छतावर पांढरे चट्टे पडतात. ओझर याच तालुक्यात येते. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये १९६४ पासून लढाऊ विमानांचे काम चालते, आधी मिग आणि पुढे सुखोई. मायक्रॉन हा शब्द रोजच्या कामात वापरणारी माणसे आसपासच्या गावांतूनच तिथे जातात. सुटीच्या दिवशी स्वतःची गाडी घासायला घेतली की हा शब्द त्यांच्याही तोंडात येत नाही.

ओरखडे येतात कुठून, हा प्रश्न पॅडपेक्षा महत्त्वाचा आहे, पण तो गॅरेजात कोणी विचारत नाही. बहुतेक ओरखडे मायेने पडतात. सकाळी चहाच्या आधी गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली जाते. फडके चौकड्याचे असते, मागच्या जन्मी ते लुंगी होते. काळ्या मातीची धूळ त्यात बसते आणि वाटोळ्या हाताने सगळ्या गाडीवर फिरते. ऊन पडले की दिव्याभोवती कोळ्याचे जाळे असावे तशा बारीक वर्तुळांच्या रेघा चमकतात. इंग्रजीत त्यांना स्वर्ल म्हणतात, निफाडात ‘लाइनी’. ज्या गाडीवर मालकाचा सर्वांत जास्त जीव, तिच्यावर सर्वांत जास्त लाइनी. बांधावर सोडून दिलेल्या जुन्या पिकअपला ठोकरा असतात, गंज असतो, पण लाइनी फारशा नसतात.

प्रेमाशिवाय आणखी कारणे आहेत. बॉनेट हे निफाडमधले सर्वांत सोयीचे टेबल आहे. त्यावर हिशेबाची वही उघडतात, द्राक्षाचा क्रेट टेकवतात, रस्त्यात भेट झाली तर कोपर ठेवतात. दसऱ्याला त्यावर हळद-कुंकू, झेंडू आणि नारळाचे पाणी येते. लग्नात सेलोटेपने गुलाब चिकटवतात, आणि नवरी घरी पोहोचली तरी टेपची खूण पुढच्या लग्नापर्यंत टिकते. मागच्या काचेखाली लावलेले गावाचे किंवा चिरंजीवांचे नाव काही वर्षांनी काढले की भोवतालचा रंग फिका झालेला असतो आणि नाव पहिल्यापेक्षा ठळक वाचता येते.

फवारणीचे डाग हा खास इथला प्रकार. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण ब्लोअरमधून उडते, वारा फिरतो आणि रस्त्याकडेला उभ्या पांढऱ्या गाडीवर निळसर ठिपके उमटतात. या मिश्रणाचा इतिहास पाहता ही एक प्रकारची परतफेडच आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारून ठेवत, म्हणजे येणारे-जाणारे द्राक्षे तोडून खाणार नाहीत. त्या वेलींवर केवडा येत नाही हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्याने ते औषध म्हणून मांडले. तिकडे वाटसरूंच्या भीतीने निघालेले मिश्रण इकडे वाटसरूंच्या गाडीवर पडते. असा डाग नुसता वर बसलेला असेल तर त्याला पॅड लागतच नाही. चुना आणि विहिरीच्या जड पाण्याचे क्षार सौम्य आम्लात विरघळतात, पाणी घातलेला व्हिनेगर पुरतो, नंतर भरपूर पाण्याने धुवायचे. डागाने क्लिअर कोट खाल्ला असेल तरच बफ काढावा. ओरखड्याची परीक्षा नखाने होते. नख आडवे फिरवल्यावर अडकले तर पॅडचा विचार सोडावा आणि रंगाऱ्याचा करावा. नख अडकले तरी बहुतेक मालक ‘बफने जाईल’ असेच म्हणतात. नख त्यांचेच असते, पण विश्वास बफवर असतो.

आता पॅडकडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला, तेव्हा मवाळ आणि जहाल हे शब्द या गावात पॅडसाठी वापरले तर कोणाची हरकत नसावी. लोकर हा जहाल पक्ष आणि फोम हा मवाळ. मायक्रोफायबर नावाचा तिसरा पक्ष आहे, पण त्याचे खरे काम ड्युअल ॲक्शनवर, म्हणून इथे त्याला मतदानाचा हक्क नाही.

लोकरीचा पॅड झपाट्याने कापतो. त्याच्या प्रत्येक तंतूला कंपाउंडचे कण चिकटतात आणि हजारो तंतू एकाच वेळी रंगावरून जातात. तंतूंमधून वारा खेळत असल्यामुळे तो फोमपेक्षा थंडही राहतो. पाण्याच्या पॉलिश पेपरने घासलेला नवा रंग, उन्हाने विटून गुलाबी पडलेली लाल गाडी, वर्षानुवर्षे न धुतलेले छत, अशा ठिकाणी जहालाला पर्याय नाही. गेल्या पिढीतल्या अँबेसिडर किंवा पद्मिनीवर क्लिअर कोट नसे, रंगच वर असे, त्यामुळे पॅडला गाडीचा रंग लागायचा आणि पांढरी लोकर काम संपेपर्यंत गाडीचीच वाटायची. आजच्या गाडीवर पॅडला रंग लागला तर तो क्लिअर कोट संपल्याचा निरोप समजावा.

जहालाचा दोष हा की तो जाताना खुणा ठेवून जातो. लोकरीच्या कामानंतर पृष्ठभागावर धुकट झाक आणि यंत्राच्या वाटेच्या नागमोडी छाया राहतात. त्यांना हॉलोग्राम म्हणतात, बँकेच्या कार्डावरच्या चित्रासारख्या त्या गाडी हलली की हलतात. शिवाय नवा लोकरी पॅड पहिल्या दिवशी तंतू गाळतो आणि गॅरेजात उभ्या सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या करतो. लोकर म्हटल्यावर दरवर्षी कोणाला तरी धनगराची मेंढरे आठवतात. खतासाठी शेतात बसवलेला कळप समोर दिसत असताना दुकानातून लोकर विकत आणणे त्याच्या जिवावर येते. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ, ती घोंगडीची. घोंगडी थंडी, पाऊस आणि पाहुणा तिघांनाही पुरते, पण गाडीच्या रंगाला ती सोसत नाही.

फोमचे पॅड पॉलियुरेथेनचे असतात. म्हणजे सोफ्याच्या उशीत असतो तोच पदार्थ, १९३७ साली ओटो बायर या जर्मन रसायनज्ञाने शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या कुळातला. घट्ट, ताठ फोम कापतो, मधला पॉलिश करतो आणि अगदी मऊ नुसती झळाळी आणतो. फोमची जात अंगठ्याने ओळखता येते. दाबून सोडला की चटकन उसळतो तो कडक, अंगठा आत जाऊन रेंगाळतो तो मऊ. लासलगावच्या लिलावात कांदा दाबून त्याची रास जोखणाऱ्या बोटांना हे काम अवघड नाही. पण दुकानात तीच बोटे खिशात जातात आणि निवड डोळ्यांवर सोपवली जाते, कारण फोम रंगीत असतो.

रंग हा या विषयातला सर्वांत मोठा फसवा भाग आहे. लेक कंट्री या अमेरिकी कंपनीचा पिवळा फोम कडक, कापणाऱ्यांपैकी. थ्रीएमच्या मालिकेत हिरवा कापतो, पिवळा मधल्या पॉलिशचा आणि निळा शेवटच्या हळुवार हाताचा. इटलीच्या रुपेसकडे निळा सर्वांत खरखरीत, हिरवा मधला, पिवळा मऊ आणि पांढरा त्याहून मऊ. एकच निळा एका घरात सर्वांत जहाल आणि दुसऱ्या घरात सर्वांत मवाळ. पिवळा तर तीन घरांत तीन वृत्तींनी नांदतो. या रंगांना कोणतेही जागतिक मानक नाही. झेंड्याच्या रंगावरून पक्ष ओळखणाऱ्या तालुक्याला हे फार नवीन वाटू नये, अलीकडे तिथेही रंगावरून आत काय निघेल ते सांगता येत नाही.

पॅड खरेदीचा प्रसंग साधारण असा घडतो.

‘पिवळा द्या, भाऊ.’

‘कोणता पिवळा?’

‘पिवळा पिवळा. मागच्या वेळी नेला होता तो.’

‘मागच्या वेळी तुम्ही निळा नेला होता, नाना.’

‘मग निळा द्या. पण पिवळ्यासारखा.’

यापुढे सोबत आलेला पुतण्या मोबाइल काढतो आणि सात रंगांचा स्वस्त संच दाखवतो. त्यात ड्रिलला बसणारी दांडीही असते आणि लोकरीची एक टोपी फुकट. रंगपंचमीला शोभेल असा हा संच घरी येतो आणि अंगठ्याने दाबून पाहिल्यावर बरेचदा असे दिसते की रंग सात आहेत, फोम एकच आहे.

पॅडचा आकार हा त्यामानाने सोपा विषय. सहा-सात इंची पॅड बॉनेट, छत आणि दारांसाठी, तीन इंची खांब, बंपरचे कोपरे आणि आरशांसाठी. दीड हजार फेऱ्यांना तीन इंचीची कड ताशी साडेएकवीस किलोमीटरनेच जाते, म्हणून तो लहानही असतो आणि संथही. पॅड चकतीपेक्षा अर्धा-एक इंच मोठा असावा, नाहीतर चकतीची कड रंगावर आपटते. चकती यंत्राच्या आट्याला बसते का तेही पाहावे. आपल्याकडे बफरला बहुधा एम-१४ आटे असतात, आणि चार इंची ग्राइंडरचे आटे बारीक असल्यामुळे ती चकती त्यावर चढत नाही. काही लोक मग मधला जोड शोधायला बाजारात जातात. जोड मिळतो, हे दुर्दैव. वेल्क्रोबद्दल एवढेच की जॉर्ज दे मेस्त्राल या स्विस गृहस्थाला त्याची कल्पना १९४१ साली कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. कुसळे निफाडच्या बांधावरूनही हजारो धोतरांना चिकटली, पण इथे ती उपटून टाकण्याचीच रीत होती. पॅड मधोमध नीट चिकटवला नाही तर यंत्र थडथडते आणि कडेने चिकटवलेला पॅड सुटून भिंतीवर जातो. तिथे तो कंपाउंडचा जो गोल ठसा ठेवतो तो पुढच्या रंगकामापर्यंत गॅरेजची शोभा वाढवतो.

निवडीचा मुख्य नियम मात्र न्यायमूर्तींच्या गावाला साजेसा आहे: आधी मवाळ. बॉनेटवर हातभर लांब-रुंद तुकडा टेपने आखावा, सर्वांत मऊ फोम आणि सर्वांत बारीक पॉलिश घेऊन तेवढाच भाग करावा, पुसून उजेडात पाहावा. काम झाले तर सगळी गाडी तशीच करावी. नाही झाले तर एक पायरी वर, मधला फोम. तरीही नाही तर कडक फोम. लोकर सगळ्यांत शेवटी. अर्ज, विनंती, शिष्टमंडळ आणि मग चळवळ, असा हा क्रम. वर चढून गेल्यावर पुन्हा खाली यावे लागते. लोकरीने कापले की कडक फोमने तिच्या खुणा काढायच्या आणि मऊ फोमने कडक फोमच्या. काळ्या गाडीला शेवटचा मऊ हात टाळताच येत नाही, तिच्यावर प्रत्येक रेघ दिसते. पांढरी गाडी उदार असते, तिच्या पोटात खूप ओरखडे मावतात, आणि गावोगावच्या पुढाऱ्यांच्या गाड्या पांढऱ्याच का असतात याचे हे एक तांत्रिक कारण धरायला हरकत नाही.

हा नियम प्रत्यक्षात पाळला जात नाही. याचे नवल वाटते, कारण द्राक्षबागायतदार हा महाराष्ट्रातला सर्वांत मोजून-मापून वागणारा माणूस आहे. मण्याचा व्यास तो मिलिमीटरमध्ये मोजतो, गोडी ब्रिक्समध्ये, औषध लिटरला मिलीमध्ये. युरोपला जाणाऱ्या मालात कोणत्या औषधाचा अंश दशलक्षात किती भाग चालतो, हे त्याला तोंडपाठ असते. २०१० साली क्लोरमेक्वाट या औषधाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि जास्तीचा डोस काय करतो हे साऱ्या पट्ट्याला एकदम समजले. मण्यावरची पांढुरकी मेणचट झाक पुसली जाऊ नये म्हणून काढणीला घड देठाला धरून उचलतात, मण्याला बोट लावू देत नाहीत. मजुराचा हात लागला तर बागायतदार बागेच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतो. तोच बागायतदार गॅरेजात येतो, बॉनेटवर कोपर टेकवतो आणि म्हणतो, ‘लोकरच मार. जरा दाबून मार. दिसलं पाहिजे.’

गॅरेजवाला लोकरच मारतो. त्यामागे त्याचेही गणित असते. मवाळ मार्गाने गाडीला दिवस लागतो, जहाल मार्गाने दोन तास, आणि दर दोन्हींचा एकच. पहिल्या हाताला कंपाउंड संथ फेऱ्यांत पसरवावे लागते. थेट वेगात खटका दाबला की ते पॅडवरून उडून समोरच्या भिंतीवर, पंख्यावर आणि शेजारी वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. भिंतीवरच्या ठिपक्यांची ओळ पाहून कारागीर किती वर्षांचा आहे हे सांगता येते. पत्र्याच्या कडा, दारावरची उठावाची रेघ आणि बॉनेटची धार इथे रंग पातळ असतो, म्हणून तिथे टेप लावायचा आणि पॅड कडेवरून बाहेर सुटेल अशा दिशेने फिरवायचा. बंपर प्लास्टिकचा, त्याला उष्णता पसरवता येत नाही, तिथे हात हलता ठेवायचा. उन्हात काम करू नये, पत्रा हाताला गरम लागत असेल तर सावली शोधावी. थंडीतही निफाडला जपावे लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाचच्या खाली गेला की गावाचे नाव वर्तमानपत्रात येते, बागांत रात्री शेकोट्या पेटतात आणि सकाळी गाडीवर राखेची साय असते. ती कोरड्या फडक्याने पुसली जाते, हे सांगायला नको.

जहाल कामाची गाडी संध्याकाळी द्यायची, असा अलिखित संकेत आहे. ट्यूबलाइटखाली आणि कंपाउंडच्या तेलकट अंशाखाली हॉलोग्राम झोपलेले असतात. मालक गाडीभोवती एक फेरी मारतो, बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा पाहतो, मिशीवरून हात फिरवतो आणि पैसे देतो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाजार समितीच्या आवारात, भर उन्हात, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेशेजारी तीच गाडी उभी असते आणि तिच्या काळ्या दारावर कोणी ओल्या केरसुणीने सारवल्यासारखे अर्धगोल चमकत असतात. ‘नवी फॅशन आहे का?’ असे विचारणारा एक तरी जण अशा ठिकाणी हजर असतोच. तक्रार घेऊन गेल्यावर गॅरेजात उत्तर मिळते की दोन धुण्यांत जाईल. दोन धुण्यांत उलट जास्त दिसते, कारण वरचे तेल निघून जाते. त्या दारावर स्पिरिटचा फडका फिरवून आदल्या संध्याकाळीच पाहिले असते, तर मऊ फोमचा एक हात तेव्हाच मारता आला असता.

पॅडची निगा हा शेवटचा भाग. एका कंपाउंडला एक पॅड, हा नियम माणशी एक ताट याइतका सोपा असला तरी पाळणारे थोडे. कापायच्या कंपाउंडला वापरलेल्या पॅडवर बारीक पॉलिश घातले की आतले जुने खरखरीत कण नव्या पॉलिशला बरोबर घेऊन नवे ओरखडे पाडतात. दर एक-दोन भागांनंतर फोम नायलॉनच्या ब्रशने आणि लोकर दातेरी चाकाने मोकळी करावी. साठलेले कंपाउंड पॅडला काच बसवल्यासारखा कडक करते. एका गाडीला चार-सहा पॅड लागतात. एकाच पॅडवर चार-सहा गाड्या काढणे ही वेगळी परंपरा आहे. जमिनीवर पडलेला पॅड धुतल्याशिवाय परत गाडीला लावू नये. प्रत्यक्षात तो उचलला जातो, दोनदा मांडीवर झटकला जातो आणि त्यावर फुंकर मारली जाते. फुंकर मारली की पडलेली शेंगदाण्याची वडी शुद्ध होते, तसाच पॅडही होतो, अशी श्रद्धा आहे. वाळूचा एक कण त्यात राहिला तरी मिनिटाला दीड हजार वेळा त्याची हजेरी लागते.

धुण्याला कोमट पाणी आणि साबण पुरतो. पिळून काढू नये, दाबून पाणी काढावे, चकतीवर लावून रिकाम्या बादलीत क्षणभर फिरवावे आणि तोंड खाली करून सावलीत वाळवावे. निफाडात ते दोरीवर वाळतात, चिमट्यांनी, बनियन आणि टॉवेल यांच्यामध्ये. वाऱ्यावर आलेली धूळ त्यांत भरली की काम पूर्ववत सुरू करायला ते तयार असतात.

फोमचा पॅड कडेने चिरला, मधोमध वितळला किंवा वेल्क्रोपासून सुटला की संपला. तो स्टॅबिलायझरखाली, पंपाच्या पायाखाली किंवा खुर्चीच्या मोडक्या हाताखाली जातो. लोकरीचा पॅड इतका लवकर निवृत्त होत नाही. तंतू दबून नमदा झाला, कापायचे बंद झाले, की गॅरेजवाला तो मालकाला आपुलकीने देऊन टाकतो. तो मऊ असतो, हातात मावतो आणि त्यात चार गाड्यांचे कंपाउंड मुरलेले असते. दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाच्या आधी गाडीवरची धूळ त्यानेच पुसली जाते.